नेवेना

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या बसनं अचानक ब्रेक मारला आणि धम्मदीपची कॉफी शेजारच्या मुलीच्या मफलरवर सांडली. तो सॉरी, सॉरी म्हणत राहिला. ती मात्र हसत होती.

"नेवेना," तिनं हात पुढे केला. "सर्बियाची."

"नेवेना म्हणजे?"

"नेवेन हे झेंडूसारखं फूल असतं आमच्याकडे. जुना शब्द आहे... 'ने' म्हणजे नाही. न कोमेजणारं. मी सातव्या महिन्यात जन्मले. जगेन असं कुणाला वाटत नव्हतं, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं."

"मराठीतही 'न' म्हणजे नाहीच."

"मग अर्धी भाषा येतेच की तुला."

तो हिवाळा दोघांचा त्याच बसमध्ये गेला. खिडकीबाहेर बर्फ, आणि तिची गार बोटं त्याच्या जॅकेटच्या खिशात...

मार्चमध्ये ते स्टॉपवर उभे असताना नागपूरहून आईचा फोन आला. तो मराठीत बोलत होता, पण एक शब्द तिनं नेमका पकडला.

"नवीना कोण?"

त्याची मान खाली गेली. "तूच. आईला वाटतं, तू बंगलोरची आहेस. मी... तसं सांगितलंय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बस आली. ती चढली. त्याचा पाय उचलेना.

घरी जाऊन त्यानं आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, नावाच्या अर्थासकट.

"शाळेत मास्तर तुला मुद्दाम दीपक म्हणायचे," आई म्हणाली. "बाबा भांडायला गेले होते. आठवतं?"

"हो."

"अन् तू त्या पोरीच्या बापानं ठेवलेलं नाव पुसलंस?"

आई रागावली असती, गोरी मुलगी नको म्हणाली असती, तर बरं झालं असतं. त्याला भांडता तरी आलं असतं.

नेवेना लायब्ररीबाहेरच्या बाकावर सापडली.

"माझी लाज वाटत होती तुला?"

"नाही. घाबरलो होतो. लाज आत्ता वाटतेय... स्वतःची. आईला खरं नाव सांगितलं. आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे, हेही."

"ते आधी मला सांगायचं होतंस."

"हो."

"माझा राग जायला वेळ लागेल."

"थांबतो."

"उभ्यानं?" ती म्हणाली, आणि बाकावरची बॅग उचलून तिनं मांडीवर घेतली.