ईशान्य उतारावरचं फावडं

हातमोजे शेगडीच्या इतके जवळ टांगू नका, जळतील. सांगून काही उपयोग नाही म्हणा. तुम्हा चढाईवाल्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उद्या कोर वान खोऱ्यातल्या मोठ्या घळीत जायचंय म्हणता, आणि आजचा अंदाज वाचला का विचारलं तर तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघता. चहा ओत रे मला. आणि तो दिवा घालव, डोळ्यांत खुपतो. शेगडीचा उजेड पुरे.

लॅकलनची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही हां. एका शाळेत होतो आम्ही, आणि पुढे तेवीस वर्षं या डोंगरावर आळीपाळीने एकच काम केलं. सकाळी फावडं घेऊन वर जायचं, उतारावर खड्डा खणायचा, बर्फाचा कुठला थर खालच्या थरावर नीट बसलेला नाही ते हाताने ओढून बघायचं. संध्याकाळी खाली येऊन उद्या बर्फ सुटण्याचा धोका किती ते लिहायचं. हिरवा, पिवळा, केशरी, लाल. आणि मग लोकांच्या शिव्या खायच्या.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत लॅकलनने एका आठवड्यात तीनदा लाल दिला. तिन्ही वेळा उतारावरचा बर्फ जागचा हलला नाही. झालं! पबमध्ये पाऊल टाकलं की पोरं ओरडायची, "आला रे आला, लांडगा आला!" कुणी विचारायचं, "लॅकलन, लाल रंग घाऊक आणलास काय रे?" तो हसायचा, पण आतून जळायचा. मला फोन करून म्हणायचा, "मर्डो, ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. सोडून देतो हे काम."

त्यात घरचा आहेर वेगळाच. त्याची मुलगी इशबेल लोकांना दोराला बांधून कड्यावर नेते, तोच तिचा धंदा. बापाच्या लाल रंगापायी तिची तीन मोठी गिऱ्हाइकं परत गेली होती. सोमवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, बुधवारी दोघांना घेऊन मोठ्या घळीत चाललेय. तू लाल दिलास तर नाही जाणार, शब्द देते. पण या वेळी नुसत्या शंकेवर देऊ नकोस. डोळ्यांनी बघ आणि मग दे."

"आणि केशरी दिला तर?"

"तर जाणार. केशरीला घरी बसायचं तर हिवाळाभर मोजेच विणत बसावं लागेल."

तर एकवीस जानेवारी, मंगळवार. त्या दिवशी सगळंच उलटं. रस्ता साफ करणारी गाडी दोन तास उशिरा. फाटकाचं कुलूप गोठलेलं, ते थर्मासमधल्या चहाने सोडवावं लागलं, म्हणजे चहाही गेला. वारा नैर्ऋत्येचा, आणि सगळा बर्फ उचलून ईशान्येच्या उतारावर, घळीच्या बरोबर डोक्यावर नेऊन टाकणारा. थेट त्या उतारावर जाणं म्हणजे मरणच. म्हणून आम्ही बाजूच्या लहान, सुरक्षित चढावर खणायचो. लॅकलनने खणलं. वाऱ्याने भरून टाकलं. परत खणलं. परत भरलं. तिसऱ्यांदा कंबरेपर्यंत गेला तर बाजूची भिंत ढासळून फावडंच गाडलं. त्याने हात टेकले. चार वाजून गेले होते, उजेड संपला होता. तो मोठ्याने म्हणाला, एकटाच, "मरू दे! केशरी देतो आणि मोकळा होतो."

आणि तेवढ्यात त्याला ऐकू आलं.

खर्र... थप. खर्र... थप.

फावडं बर्फात घालून तो बाजूला टाकल्याचा आवाज. वरून. ईशान्य उतारावरून.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ए! कोण आहे तिथं? अक्कल गहाण टाकली का? खाली ये आधी!" आवाज चालूच. आता लॅकलनसारख्या माणसाला कुणाला तसं सोडून खाली जाणं जमत नाही, हाच त्याचा रोग. कपाळावरचा दिवा लावला आणि खडकाच्या कडेकडेने वर गेला.

वर एक खड्डा होता. ताजा, भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ. माणूस नव्हता. लॅकलनने सवयीने भिंतीत हात घातला. दोन फुटांखाली साखरेसारखा भुगा लागला. वरचा थर जरा ओढला, तर अख्खी लादी त्याच्या मांडीवर येऊन पडली. जोर लावावाच लागला नाही.

लाल. डोळ्यांनी बघितलेला लाल. त्याने तिथूनच मागे फिरायला हवं होतं.

खर्र... थप.

आता वीस पावलं पुढे. "भल्या माणसा, मिळालं मला!" हा ओरडला. "चल आता, उतार कधीही सुटेल." पुढे गेला. दुसरा खड्डा, जास्त खोल. तिसरा. हा चौकोनी नव्हता. लांबट होता. माणसाच्या उंचीएवढा लांब.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. थर बघायला असे खड्डे कुणी खणत नाही. हे कुणीतरी कुणाला तरी शोधत होतं.

थांबा, डूगलचं सांगायला हवं. डूगल मेंढपाळ. अठ्ठ्याहत्तर साली त्याचा धाकटा भाऊ नील याच उतारावर बर्फाच्या लोटात गाडला गेला. बचाववाले चौथ्या दिवशी परत गेले. डूगल नऊ दिवस एकटा खणत होता. ओढून आणला त्याला खाली. मे महिन्यात बर्फ वितळला तेव्हा नील सापडला. डूगलच्या शेवटच्या खड्ड्यापासून पाच पावलांवर. पाच! त्यानंतर तेरा वर्षं जगला बिचारा. भेटेल त्याला एकच विचारायचा, "डावीकडे खणायला हवं होतं ना रे मी?" गेला तसाच, मनात घेऊन.

हं. तर लॅकलन तिथे उभा. पुढे चौथा खड्डा. त्यातून बर्फ बाहेर उडत होता. एक फावडं भरून. मग दुसरं. डोकं दिसत नव्हतं. हात दिसत नव्हते. फक्त बर्फ.

मग फावडं थांबलं.

वारा पण थांबला.

आतून कुणीतरी बोललं. दमलेला आवाज. वैतागलेला. अगदी शांतपणे...

"इथंही नाही."

लॅकलन कसा खाली आला ते त्याला आजही सांगता येत नाही.

घरी आला, लाल दिला. इशबेल भडकली. "पुरावा मिळाला?"

"मिळाला."

"काय बघितलंस?"

हा बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"बाबा, काय बघितलंस म्हणते मी!"

हा बूट शेगडीपाशी ठेवायला उठला. पण पोरगी शब्दाची पक्की. गिऱ्हाइकांना फोन केला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि बुधवारी उजाडताच बापाला म्हणाली, "चल. दाखव तुझा तो खड्डा. उतार जागेवर असला ना, तर पुन्हा तुझा अंदाज वाचणार नाही मी." दोघं वाटेत एकमेकांचे गळे धरतील म्हणून मीही गेलो. तासभर चाललो.

कोर वानच्या तोंडाशी आलो आणि इशबेल थबकली.

उतार जागेवर नव्हता. रात्रीतून सगळा सुटला होता. घळीचं तोंड बुजलं होतं, कपाटाएवढाले तुकडे एकमेकांवर पडले होते. ती दोघांना घेऊन नेमकी त्याच तोंडाशी उभी असती, सकाळी आठला. ती खालीच बसली. "बाबा, चुकलं माझं," म्हणाली. लॅकलनने तिच्या टोपीवर हात ठेवला. मीही डोळे पुसले, उगाच खोटं कशाला बोलू.

मग तिलाच दिसलं. त्या ढिगाऱ्याच्या मधोमध एक खड्डा.

ताजा. पुरुषभर खोल. थांबलेला लोट काँक्रीटसारखा घट्ट होतो, चार माणसांना तासभर लागेल असं ते काम. आजूबाजूला एक पाऊल उमटलेलं नाही. मी रेडिओवर विचारलं, कुणी बेपत्ता आहे का? कुणी नाही.

इशबेल आत उतरली. आम्ही नको म्हणत होतो. तळाशी एका बाजूला ताटलीएवढा खळगा होता, काचेसारखा चकचकीत. तसा खळगा आम्ही तिघांनीही आधी पाहिलेला होता, दुसऱ्यांना बर्फातून काढताना. गाडलेला माणूस श्वास घेत असला की त्याच्या तोंडापुढचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो. त्यात चेहरा उमटतो. इथेही उमटला होता, नाक, ओठ, हनुवटी.

तिने टोपी काढली. वाकली. त्यात चेहरा ठेवला.

बसला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, कुठे फट नाही, जणू तिचाच साचा.

लॅकलन ओरडला, "बाहेर ये!" ती हलली नाही. उणे आठ होतं तिथे. मग आतून तिचा आवाज आला.

"बाबा... हे अजून गरम आहे."