चोविसावा दुवा

जगातला यच्चयावत न्याय आता इंटरनेटवर आला आहे, माणसाने फक्त खुर्चीत बसून तो मागायचा, असं खैरुद्दीन परकार यांनी फुजैरातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाहीर केलं. मग ते चष्मा शोधू लागले. तो सापडल्यावर पासवर्ड.

"अब्बा, इट्स युअर ओन बर्थडे," मुनिबा म्हणाली.

"कुठला? खरा की पासपोर्टवरचा?"

जुम्म्याची नमाज आटोपली होती. खिडकीबाहेर नांगरलेली तेलवाहू जहाजं उन्हात डुलक्या काढत होती. आत स्वयंपाकघरात खैरुद्दीनची बायको साजिदाबी, नवऱ्याने दुबईच्या ड्रॅगन मार्ट बाजारातून आणली म्हणून सांगितलेल्या खवणीवर, नारळ खवत होत्या. खर्र, खर्र, थांबा. खर्र, खर्र, थांबा. सोफ्याच्या कडेला ताजबी बसल्या होत्या. खोर फक्कानहून त्या दर शुक्रवारी येत.

ताजबींचा नवरा यहया म्हणजे खैरुद्दीनचा दाभोळच्या शाळेतला बाकसोबती. हॉलंडच्या झेंड्याच्या एका जहाजावर तो खानसामा होता. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, जहाज इथेच समोर उभं असताना, तो दिसेनासा झाला. कंपनीचं पत्र आलं: जहाज सोडून पळून गेला.

"मला एवढंच कळू दे, खैरुद्दीनभाई," ताजबी म्हणत. "विधवेच्या इद्दतीला बसू, की दाराकडं बघत बसू?"

मुनिबा दुबईत कायदा शिकत होती. तिने अब्बांसाठी एक यादी करून दिली होती: डच कायद्याची संकेतस्थळं, निकालांचे साठे, हेगच्या ग्रंथालयाची सूची, समुद्री करारांची पानं. एकूण तेवीस दुवे. त्यातूनच तिने शोधून काढलं होतं की जहाज डच असेल तर माणूस मेला असं जाहीर करायला तिथल्या कोर्टाला विनंती करता येते. अर्ज तयार होता. अडलं होतं ताजबींच्या प्रतिज्ञापत्रावर.

"त्यात लिही, ते घरची खवणी घेऊन गेले," ताजबींनी बजावलं.

"आंटी, प्लीज! त्यांना वाटेल, अंकलनी पळायचं प्लॅनच केलं होतं."

"मग मी काय खोटं लिहू? दर वेळी खवणी घरी असायची. त्या वेळी गेले, खवणी गेली. पंधरा दिवसांच्या खेपेला कोण खवणी नेतं?"

खवणीचा विषय निघाला की खैरुद्दीनना खोकला येई. गेली दोन वर्षं येत होता. साजिदाबी त्यावर आल्याचा चहा देत.

"आधी शोधू तर," खोकला आवरून ते म्हणाले आणि टाइप करू लागले: 'सलाम अलैकुम. आपली तब्येत ठीक असेल अशी आशा. आमचे मित्र यहया यांच्याबाबत आपल्या दप्तरी काही नोंद असल्यास कृपया...'

"अब्बा! इट्स अ सर्च बॉक्स, नॉट अ हेडक्लार्क. कीवर्ड्स टाका."

"पंचवीस वर्षं पोर्टावर कागद असेच पास करून घेतलेत, बेटा. अदबीनं विचारलं की काम होतं."

तेवीस ठिकाणी त्यांनी अदबीनं विचारलं. तेवीस ठिकाणांहून उत्तर आलं: शून्य निकाल. चोविसाव्या ठिकाणी एक कोरं पान उघडलं. वर एक लांबलचक क्रमांक होता, बाकी काही नाही.

"चोविसावा? मी तेवीसच दिले होते," मुनिबा म्हणाली. तिने यादी पुन्हा मोजली. मग म्हणाली, ॲड झाला असेल चुकून. यल्ला, जेवायला चला.

पुढच्या शुक्रवारी त्या पानावर एक परिच्छेद होता.

डच कोर्टाची एक सभ्य रीत खैरुद्दीनना एव्हाना पाठ झाली होती. निकाल साऱ्या जगाला दाखवायचे, पण माणसांची नावं झाकून. इथेही तसंच होतं. '२.१ बेपत्ता इसम, वय सत्तेचाळीस, खानसामा. डावा कान लहानपणी बोरीच्या काट्याने फाटलेला.'

खैरुद्दीन वाचायचे थांबले. त्या दिवशी बोरीखाली, बोरं झेलायला हात पसरून, ते स्वतः उभे होते.

"भाषांतर झकास झालंय," ते सावकाश म्हणाले. "इतर पानांचं मराठी तर रडायला लावतं."

मुनिबाने वाकून पाहिलं. "अब्बा, ट्रान्सलेट ऑफ आहे."

त्यांनी पानाची प्रत काढली. प्रिंटरमधून कोरा कागद आला. किंचित दमट होता. तोंडाजवळ नेल्यावर खारट वास आला.

तिसऱ्या शुक्रवारी ताजबींना शेजारी बसवून त्यांनी दुवा उघडला. साजिदाबीही ओल्या हातांनी येऊन मागे उभ्या राहिल्या. आता पान भरलं होतं. खैरुद्दीननी मोठ्याने वाचलं.

'२.२ सकाळी त्याने भात चढवला. २.३ खवणी नसल्यामुळे नारळ सुरीने काढला. २.४ करवंट्या टाकायला तो जहाजाच्या मागच्या टोकाला गेला. तिथे तेल सांडलं होतं.'

'२.५ पळून जाण्याचा इरादा नव्हता. भात अर्धा शिजला होता.'

 मग ताजबींनी ओढणीने डोळे टिपले.

"भात चढवून ते कुठं जायचे नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज स्थिर होता, जवळजवळ मायेचा. "साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा पाहुण्यांना सोडून चुलीशी उभे होते, मेले."

त्या शब्दाशी त्या स्वतःच थबकल्या. साजिदाबींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"इद्दतीला बसते मी," ताजबी म्हणाल्या. "पण भाभी, खवणी? हे पान म्हणतं, जहाजावर नव्हती. घरी नव्हती. मग होती कुठं?"

खैरुद्दीनना खोकला आला.

तेवढ्यात आतून आवाज आला. खर्र, खर्र, थांबा.

साजिदाबींनी आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. मुनिबाने आईकडे पाहिलं. घरात होते चौघंच, आणि चौघंही इथे.

खर्र, खर्र, थांबा.

"फ्रिज असेल," खैरुद्दीन म्हणाले.

पान हळूच वर सरकलं. माउसवर कुणाचाच हात नव्हता.

'३. निकाल: मृत्यू निश्चित.'

त्याखाली आणखी एक ओळ उमटत होती. एकेक अक्षर, मासळीच्या याद्या लिहिणाऱ्या खानसाम्याच्या संथ हाताने. या ओळीत नावं झाकलेली नव्हती.

आतला आवाज थांबला.

ताजबी पुढे वाकल्या. गेल्या दोन वर्षांत जेमतेम शिकलेलं सगळं वाचन पणाला लावून, बोट फिरवत त्यांनीच ती ओळ वाचली:

'४. किरकोळ विनंती. साजिदाभाभींच्या स्वयंपाकघरातली खवणी ड्रॅगन मार्टची नाही. खैरुद्दीन, माझ्याकडून उसनी नेलेली ती ताजबीला परत दे. पातं धुऊन.'