शेवटच्या ओळीआधीचा श्वास

कात्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाणाऱ्यांनीच ते ठेवलेलं. रेकॉर्डिंगमधला खोकला, खुर्चीची करकर, दोन ओळींमधला श्वास तो असा छाटायचा, की सांधा शोधून सापडू नये. बायकोचं शेवटचं गाणंही त्याने तसंच लख्ख केलं होतं. त्यानंतर आठवडाभरातच छातीच्या दुखण्याने ती गेली.

त्या दुपारी तो स्टुडिओत वायरी गुंडाळत होता. लेकीने कानांवरचे हेडफोन उतरवले. आई गेल्यापासून पोरीने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि बापाच्या जिवाला तोच घोर लागला होता.

"बाबा, काल तू लावलेलं त्या परदेशी बाईचं गाणं... एक शब्द कळला नाही, तरी रडावंसं वाटलं. मग आईचं ऐकून काहीच का होत नाही?"

"अगं, किती स्वच्छ आहे ते!"

"ती बाई गाताना दमत होती. ही दमतच नाही. ही आई नाहीच."

पोरं कधीकधी नेमकं वर्मावर बोट ठेवतात. गाऊन झाल्यावर बायको धापा टाकत म्हणाली होती, "माझे श्वास तेवढे काढू नकोस हं." तो हो म्हणाला होता, आणि हाताच्या सवयीने काढून बसला होता.

छाटलेले तुकडे मात्र तो वेगळ्या ट्रॅकवर जपून ठेवायचा. ते त्याने एकेक करून जागच्या जागी बसवले आणि गाणं स्पीकरवर लावलं.

पहिल्याच श्वासाबरोबर खोलीत मलमाचा वास आला, ती छातीला चोळायची त्या मलमाचा. लेक हमसून हमसून रडायला लागली. मोकळी झाली एकदाची, असं वाटून त्याचेही डोळे भरून आले.

शेवटच्या ओळीआधी बायकोने खोल श्वास घेतला... आणि ओळ आलीच नाही. पडद्यावरची रेघ पुढे सरकत राहिली. श्वास घेतलेला होता, सोडलेला नव्हता.

लेकीचे हुंदकेही थांबले होते. ओठ घट्ट मिटलेले, छाती भरलेली, चेहरा निळा पडत चाललेला.

"सोड... अगं, श्वास सोड ना!" त्याने तिला गदागदा हलवलं, गाणं बंद केलं. काही उपयोग झाला नाही.

मग त्याला कळलं, काय करायचं ते. "माफ कर गं," तो स्पीकरकडे बघून पुटपुटला आणि तेवढा एक श्वास त्याने कापला.

लेकीने मोठ्याने हवा ओढली. त्याने तिला पोटाशी धरलं. पडद्याकडे पाहिलं, तर कापलेला तुकडा नेहमीच्या ट्रॅकवर नव्हता. कुठेच नव्हता.

"बरं वाटतंय का गं आता?"

तिने मान हलवली. त्याच्या गळ्याशी तिने श्वास सोडला. मग जरा थांबून आणखी एक सोडला, चांगला लांबलचक, दमलेल्या बाईने सोडावा तसा.

मध्ये तिने श्वास घेतलाच नव्हता.