खणलेली सामुद्रधुनी

“आधी ती पेन्सिल खाली ठेवा!”

वाचनालयात वर्तमानपत्रांच्या खोलीत इतक्या मोठ्याने कोणी बोलत नाही. तिथे पंख्याची कुरकुर चालते, फार तर एखादे आजोबा खोकतात. त्यामुळे लांबलचक टेबलाभोवतीची सगळी डोकी एकदम वर झाली. ज्याला दम भरला होता त्याचे डोके मात्र सर्वांत शेवटी वर आले, कारण त्याला हातातले वाक्य संपवायचे होते.

तिशीचा, किडकिडीत, झोप न झालेल्या डोळ्यांचा माणूस. उजव्या अंगठ्याला शाई. समोर आजचा अग्रलेख, आणि त्यात एका शब्दाखाली नुकतीच ओढलेली बारीक, सरळ रेघ.

“म्हणजे ते तुम्हीच तर!” दारातून तावातावाने आत आलेली मुलगी म्हणाली.

“ते... कोण?”

“माझं वाटोळं करणारे!”

आता तिचे वाटोळे कसे झाले ते सांगायलाच हवे. स्पर्धा परीक्षेचा हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. वयाची अट पुढच्या वर्षी संपत होती. दोनदा थोडक्यात हुकली होती, यंदा लेखी परीक्षा पार पडली होती आणि मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. पोरगी वनस्पतिशास्त्राची. कुठल्याही पानाचे कूळ डोळे मिटून सांगेल, पण अर्थकारण आणि जगाचे राजकारण म्हटले की तिची पाचावर धारण बसायची. क्लासचे सर म्हणाले, रोज अग्रलेख वाच. तिने वाचले. त्यातले महत्त्वाचे काय आणि भरताड काय, तेच तिला कळेना.

आणि मग तिला घबाड सापडले. आईला शिवणकामात मदत करून ती अकराला वाचनालयात यायची, तेव्हा तिथल्या अंकात कोणीतरी आधीच पेन्सिलीने रेघा मारून ठेवलेल्या असत. रोज! कधी एका शब्दाखाली, कधी एका आकड्याखाली. रेघ अशी ठाम की मारणाऱ्याला जराही शंका नसावी. ती थक्क झाली. कोण असेल हा विद्वान? निवृत्त राजदूत? प्राध्यापक? दोन महिने तिने रेघ मारलेली सगळी वाक्ये वहीत उतरवली, पाठ केली, आणि खरे सांगायचे तर त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल तिच्या मनात भक्तिभावापेक्षा थोडे जास्तच काही साठू लागले.

काल क्लासमध्ये सराव मुलाखत झाली. ती ऐटीत म्हणाली, “सर, जगाचा निम्मा माल माणसाने खणलेल्या त्या सामुद्रधुनीतून जातो.”

सरांनी चष्मा काढला. “बाई, सामुद्रधुनी खणतात का? दोन समुद्रांना जोडणारी ती निसर्गाची वाट. माणूस खणतो तो कालवा! आणि निम्मा माल कुठला काढलात?”

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी फावडे मारल्याची नक्कलही केली. तिथल्या तिथे तिचे नाव पडले... सामुद्रधुनी!

म्हणून रेघा मारणाऱ्याला पकडायला आज ती मुद्दाम लवकर आली होती. हे सगळे तिने एका दमात ऐकवले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

“चौदा तारखेचा अंक,” तो हळूच म्हणाला. “दुसरा स्तंभ, खालून सहावी ओळ. ‘कालवा’ हवं होतं. आणि ‘निम्मा’ पण चूक. मूळ मजकुरात ‘मोठा’ होतं.”

ती बघतच राहिली. “तुम्हाला पाठ आहे?”

“पाठ नाही हो. सलतंय. मी या पेपरात मुद्रितशोधक आहे. छापायच्या आधी चुका शोधायच्या, एवढंच काम. तरी काही निसटतात. मग रात्रपाळी सुटली की इथे येतो आणि निसटलेल्यांच्या खाली रेघ मारतो... म्हणजे दुसऱ्यांदा निसटणार नाहीत.”

“चुकांच्या खाली?”

“चुकांच्याच.”

“म्हणजे माझ्या दोनशे पानी वहीत...”

“चुका आहेत,” तो ओशाळून म्हणाला. “निवडक.”

तिला त्याच्या डोक्यात वही घालावीशी वाटली. पण तो ‘निवडक’ हा शब्द असा काही पडला होता की तिला हसूच फुटले. एकदा फुटले ते आवरेना. तोही हसला. तेवढ्यात ग्रंथपालबाई कपाटामागून अवतरल्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

“तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला गेलीस आणि तुम्ही हो, वाचनालयाच्या अंकावर! दोघंही बाहेर व्हा. हसून झालं की या.”

बाहेर दगडी पायऱ्या होत्या. ती वरच्या पायरीवर बसली, तो दोन पायऱ्या खाली. दोघांच्या मध्ये आदब म्हणून एक पायरी रिकामी.

“भरपाई करायची आहे मला,” तो म्हणाला. “काय करू सांगा.”

“अर्थशास्त्र येतं?”

“छे! नऊ वर्षं अग्रलेख वाचतोय, पण अक्षरं वाचतो. वेलांटी पाहतो, आकडा पाहतो. अर्थात शिरलो की चूक निसटते.”

“मग तुमचा उपयोग काय?”

“तुम्ही अग्रलेख मला समजावून सांगा. जिथे शब्द चुकेल तिथे माझ्या कानाला टोचेल.”

आणि तसेच ठरले. रोज साडेनऊ ते दहा, आईचे शिवणकाम त्यानंतर. ग्रंथपालबाईंनी अट घातली की अंक बाहेर न्यायचा तर पेन्सिल आत ठेवायची. त्याने ती निमूटपणे त्यांच्या टेबलावर ठेवली.

पहिल्या दिवशी ती अडखळली. “बेरोजगारी पाच टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेली, म्हणजे एक टक्क्याने वाढली...”

“टोचलं.”

“काय टोचलं? सहा वजा पाच एकच ना?”

“कळत नाही. पण असं कोणी लिहिलं की आमचे उपसंपादक ओरडतात.”

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पाचाचे सहा झाले. म्हणजे पाचाचा पाचवा भाग वाढला. म्हणजे वीस टक्के! एक वाढला तो टक्का नव्हे, एक टक्काबिंदू. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे लखलखत होते. “अहो, एका शब्दात केवढी माणसं लपून बसतात!”

तो आकड्याकडे नाही, तिच्याकडेच बघत राहिला.

मग एका सकाळी ती धावतच आली. दूरच्या कालव्यात एक अजस्र मालवाहू जहाज आठवडाभर आडवे अडकले होते आणि मागे शेकडो जहाजे खोळंबली होती. “आईकडे आठवडाभर झिपा आल्या नाहीत,” ती धापा टाकत म्हणाली. “बारा फ्रॉक तसेच पडून आहेत. दुकानदार म्हणतो, माल समुद्रात आहे. मला वाटलं, थापा मारतोय. पण हे बघा! कुठलं जहाज, कुठला कालवा आणि कुठे आमच्या आईचं मशीन... सगळं एकाच दोऱ्यात ओवलंय हो!”

त्याने अंक हातात घेतला. हाच मजकूर त्याने काल स्वतः तपासला होता. ‘अजस्र’मधला ‘स्र’ नीट आहे ना, ते पाहिले होते. जहाज मात्र त्याला दिसलेच नव्हते. आता दिसले. नऊ वर्षे त्याच्या पेन्सिलीखालून जग चालले होते आणि त्याने त्याचे फक्त शुद्धलेखन पाहिले होते.

“पुन्हा सांगा,” तो म्हणाला. “सावकाश.”

तिने पुन्हा सांगितले. सांगता सांगता नाक खाजवले.

“तुमच्या नाकावर अग्रलेख छापलाय,” तो म्हणाला.

“पुसा मग.”

म्हणून गेली आणि स्वतःच लाजली. त्याने खिशातून रुमाल काढला, तिच्या नाकापर्यंत नेला आणि... तिच्या हातात दिला. रुमालाला शाईचा आणि साबणाचा वास होता.

मधली पायरी कोणत्या दिवशी भरली ते दोघांनाही आठवत नाही.

“एक विचारू?” एकदा ती म्हणाली. “आपल्यामध्ये काय आहे? सामुद्रधुनी की कालवा?”

“कालवा,” तो गंभीरपणे म्हणाला. “रोज अर्धा तास खणतोय.”

“कोण? तुम्ही एकटेच?”

त्याचे कान लाल झाले. विषय बदलावा म्हणून त्याने तिला मुद्रितशोधकाच्या खुणा दाखवल्या. ही अक्षर काढून टाकायची, ही दोन शब्द जोडायची, ही जागा सोडायची.

“आणि खोडलेल्या शब्दाखाली ही टिंबं कसली?”

“ती माझी आवडती. चुकून खोडलं गेलं, मूळचंच बरोबर होतं. तेच राहू द्या.”

मुलाखतीच्या दिवशी तो पायऱ्यांवर वाट पाहत होता. ती आली ती रडकुंडीला येऊन.

“सगळं छान चाललं होतं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, ‘ती सामुद्रधुनी जहाजामुळे बंद पडली, त्याचा भाववाढीवर काय परिणाम झाला?’ आणि माझ्या कानाला टोचलं हो! मी म्हटलं, सर, माफ करा, ती खणलेली आहे, म्हणून कालवा.”

“मग?”

“अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षांची चूक काढली मी! शेवटच्या प्रयत्नात! तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर गप्प बसायला शिकवलं असतं मला.”

“मी असतो तरी हेच केलं असतं.”

“म्हणूनच तर भीती वाटतेय!”

तो हसला नाही. तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू काही तीच एखादे अजस्र जहाज होती आणि तो काठावर उभा होता. “पोटासाठी नऊ वर्षं चुका काढल्या मी,” तो म्हणाला. “सगळं पणाला लावून एकदाही काढली नाही. केवढी हिंमत आहे तुमच्यात.”

त्याने रुमाल पुढे केला, तिने डोळे पुसले. पण त्या दिवशी रुमाल तिने परत केला नाही.

निकाल वर्तमानपत्रात छापून यायचा होता. त्या सकाळी ती वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभी होती. ग्रंथपालबाईंनी अंक तिच्यापुढे सरकवला. सातवे पान. मुंग्यांसारखे नंबर. तिचे बोट पहिल्या स्तंभावरून उतरले, दुसऱ्यावरून उतरले... आणि थांबले.

तिचाच नंबर होता. आणि त्याखाली पेन्सिलीची बारीक, सरळ रेघ होती.

ती रेघ तिला पुरती ओळखीची होती. दोनशे पाने तिने त्या रेघेच्या भरवशावर भरली होती आणि ती रेघ कशाखाली असते ते आता तिला पक्के माहीत होते. छापताना नंबर चुकला होता. तो दुसऱ्याच कुणाचा होता. ती मटकन खाली बसली आणि रुमाल तोंडाला लावून रडू लागली.

“अहो! अहो, रडताय काय?” तो कपाटाआडून धावत आला. तो मागच्या दाराने आधीच येऊन बसला होता, तिचा चेहरा बघण्यासाठी. “आलाय तुमचा नंबर!”

“रेघ... रेघ आहे त्याच्याखाली...”

त्याने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, यादी काल माझ्याचकडे आली होती. मूळ यादीशी तुमचा नंबर अकरा वेळा ताडून पाहिला. सांगायची सोय नव्हती, पोटात मावत नव्हतं. सकाळी आलो, बाईंच्या हातापाया पडून पेन्सिल मागून घेतली. नऊ वर्षांत पहिल्यांदा बरोबर गोष्टीखाली रेघ मारलीय मी... आणि तीही चुकलीच म्हणायची!”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग नंबराकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. ग्रंथपालबाई खिडकीबाहेर फार महत्त्वाचे काहीतरी पाहू लागल्या.

तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. महिन्याभरात प्रशिक्षणाला दूर जावे लागणार, वर्षभर तरी पायऱ्या नाहीत, साडेनऊ नाहीत. तोंडाने विचारायचा धीर होईना. म्हणून तिने सातव्या पानाच्या समासात लिहिले, ‘माझ्याबरोबर जन्मभर अग्रलेख वाचशील?’ लिहून झाल्यावर तिचे तिलाच धाबे दणाणले. इतके दिवस अहो-जाहो आणि आज एकदम अरे-तुरे! घाईघाईने तिने ‘वाचशील’वर काट मारली आणि वर लिहिले, ‘वाचाल’.

त्याने अंक आपल्याकडे वळवला. सवयीप्रमाणे अक्षरन् अक्षर वाचले. या वेळी अर्थही वाचला. ग्रंथपालबाईंनी पाठमोऱ्याच सुनावले, “अंकावर रेघोट्या नकोत हं!”

“शेवटची दुरुस्ती, बाई,” तो म्हणाला.

त्याने ‘वाचाल’ खोडले. आणि काट मारलेल्या ‘वाचशील’खाली, एकामागून एक, जपून टिंबे दिली.