घाटातला दुसरा गिअर

मुलांनो, खोबरेल तेलाची बाटली डोळ्यांसमोर आणा. पौषातली सकाळ आहे, शाळेची घाई आहे आणि तुम्ही बाटली तळहातावर उपडी धरली आहे. तेल येत नाही. हलवली, तरी येत नाही. मग आई ती गरम पाण्यात धरते आणि जरा वेळाने तेल वाहू लागतं. आता असं समजा, की मोटारीच्या पोटातही असंच एक जाड तेल आहे आणि त्यात दातेरी चाकं बुडालेली आहेत. ड्रायव्हर दांडी ओढतो तेव्हा ती चाकं एकमेकांत बसायला हवीत. थंडीत तेल घट्ट होतं, चाकं आळसावतात आणि गिअर पडत नाही. गाडी थोडी चालली, तेल तापलं, की सगळं सुरळीत होतं.

एवढं समजलं असेल तर पुढे काय घडलं तेही तुम्हाला समजेल. ते का घडलं, हे मात्र मला सांगता येणार नाही.

आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूला, घाटाखाली आहे. बुलढाणा वर, पठारावर. मध्ये राजूरचा घाट. गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे आणि सकाळची पहिली एसटी वर पोचते तेव्हा तिथल्या शाळेची प्रार्थना संपलेली असते. म्हणून प्रेमानंदने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि गावातल्या मुलींना तो शाळेत नेऊ-आणू लागला. प्रेमानंद गाडी कधी पळवायचा नाही. उतारावर सगळे ड्रायव्हर इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, तसंही तो करायचा नाही. आईबाप मुलींना पाठवत होते ते त्याच्या भरवशावर. व्हॅन बंद पडली तर या मुली घरी बसणार, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

मी निवृत्त झाल्यापासून बुलढाण्यातल्या एका वसतिगृहात लहान मुलांना शिकवायला जातो, त्याच व्हॅनमधून. पुढच्या सीटवर खिडकीशी मी, आणि माझ्या व प्रेमानंदच्या मध्ये त्याची पाचवीतली मुलगी, महामाया. गिअरची दांडी तिच्या उजव्या गुडघ्याला लागून होती. दुसरा गिअर टाकताना दांडी तिच्याकडे आणि मागे यायची, तेव्हा ती न सांगता गुडघे माझ्या बाजूला वळवून जागा करून द्यायची. तिला त्याची इतकी सवय झाली होती की डोळे पुस्तकात असले तरी गुडघे वेळेवर वळत.

त्या वर्षी थंडी जोराची पडली. गावाबाहेर बाया तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवून शेकत बसलेल्या दिसायच्या. गाडीत श्वासाची वाफ दिसायची. आणि निघताना गिअर पडेनासा झाला. प्रेमानंद दोन-तीनदा क्लच दाबायचा, मग कुठे खर्रकन आवाज होऊन गिअर बसायचा. मागून डिंपलचं बोलणं सुरू व्हायचं. ही महामायाची मैत्रीण, तोंडाने फटकळ.

"महामाये, तुह्या बाबाचा गिअर तुह्यासारखाच हाये. पयल्या हाकेले येतच नाही."

महामाया हसायची. मी पोरींना खोबरेल तेलाची गोष्ट सांगितली, जशी तुम्हाला सांगितली. त्यांना ती पटली. मलाही पटली होती.

पण मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गावातून निघताना अडणारा गिअर घाटाच्या पायथ्याच्या राजूरपर्यंत मोकळा व्हायचा. तेल तापलेलं असायचं. घाट सुरू झाला की तो छान पडायचा. आणि मग घाटाच्या मध्यावर, जिथे कठड्याचे दगड ढासळले आहेत आणि सागाची झाडं अगदी रस्त्यावर वाकली आहेत, त्या वळणावर दुसरा गिअर पुन्हा अडायचा. तेवढ्याच वळणावर. प्रेमानंद दांडी ओढायचा आणि दांडी यायची नाही. गाडीचा जोर संपत आला, मुली गप्प झाल्या, की ती एकदम सुटून यायची.

थंडीने अडणारी वस्तू गरम झाल्यावर का अडावी? मी स्वतःलाच प्रश्न घातला, आणि त्याचं उत्तर मोताळ्याच्या कुलदीपवर सोपवलं. कुलदीप मेकॅनिक. त्याने जुनं तेल काढून नवं टाकलं, क्लचची तार ताणून दिली आणि वर मलाच ऐकवलं, की गुरुजी, तुमच्या वर्गातले पोट्टे थंडीत उठत होते का, मग या बिचाऱ्या गिअरले काऊन मारता.

दुसऱ्या दिवशी गावातून निघताना गिअर लोण्यासारखा पडला. त्या वळणावर पुन्हा अडला.

"बाबा," महामाया म्हणाली, "हे गरम हाये."

तिचं बोट दांडीच्या वरच्या गोळ्याकडे होतं. इंजिन सीटखालीच असतं, त्याची ऊब असेल, असं मी म्हणालो. मग वर पोचल्यावर, प्रेमानंद मुलींना उतरवत असताना, मी हात लावून पाहिला. इंजिनची ऊब आली असती तर ती खालून आली असती. दांडीचं लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटल्यासारखी वाटली. वरचा काळा गोळा तेवढा कोमट होता. रात्रभर पांघरुणात असलेल्या लेकराचा हात सकाळी असतो, तसा.

यानंतर मी प्रेमानंदला विचारलं, की ओढताना त्याला नेमकं काय जाणवतं.  तो एवढंच म्हणाला, की तेल घट्ट असलं तर दांडी सगळीकडून जड लागते. ही तशी लागत नाही. कुणीतरी धरून ठेवल्यासारखी लागते. आणि धरणाऱ्यात फार जोर नाही.

कुलदीप एकदा सोबत आला. वळण आलं, तेव्हा त्याने मागच्या सीटवरून वाकून प्रेमानंदचा हात बाजूला केला आणि स्वतः दांडी धरली. आम्हाला फक्त त्याचं मनगट ताणलेलं दिसलं. दांडी सुटून आली, गाडी वर गेली. कुलदीपने तळहात पँटवर पुसला, पुन्हा पुसला, आणि वर पोचेपर्यंत एकही विनोद केला नाही. बुलढाण्याला तो उतरला आणि परतीला आमची वाट न पाहता एसटीने निघून गेला. जाताना म्हणाला, "गिअरबॉक्समध्ये काई नाही, प्रेमाभाऊ. माह्या हातचं काम नाही हे."

त्या रविवारी मी प्रेमानंदकडे गेलो. महामाया ओट्यावर उन्हात बसली होती. समोर पाटी नव्हती, खेळणं नव्हतं. तिचा उजवा हात गुडघ्याशेजारी हवेत होता आणि हळूहळू पुढे जात होता, मधे थांबत होता, मग स्वतःकडे आणि मागे येत होता. खेळ असेल, म्हणून मी पाहत उभा राहिलो.

मुलांनो, मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेताना आपला हात कसा असतो, ते मला माहीत आहे. बोटं थोडी उचललेली असतात. तळवा पेन्सिलीला लागत नाही, कारण मध्ये मुलाची मूठ असते. महामायाचा हात तसा होता. तिची बोटं काही धरत नव्हती. ती कुणाच्या तरी हातावरून पांघरली होती.

मी हाक मारली तशी तिने हात मांडीवर घेतला. तिच्या आईने, धम्मशीलाने, चहा आणला. आम्ही तुरीच्या शेंगांबद्दल बोललो.

सोमवारी धुकं होतं. घाटात सागाची पानं ओली होऊन रस्त्याला चिकटली होती. प्रेमानंद नेहमीपेक्षा सावकाश चढत होता. ढासळलेला कठडा दिसला, त्याने क्लच दाबला, दांडी ओढली.

आली नाही.

त्याने पहिला टाकून पाहिला. तोही पडेना. गाडीचा जोर संपला. ब्रेक लागला, पण चाकांखाली ओली पानं होती आणि मागे मुलींचं ओझं. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, मागे घसरू लागली. आरशात मला कठड्यातली मोकळी जागा दिसत होती, आणि तिच्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं.

प्रेमानंदने दोन्ही हातांनी दांडी धरली आणि हिसका दिला.

"हिसका नको देऊ, बाबा," महामाया म्हणाली. "दुखते त्याले."

तिने बापाचे हात बाजूला केले. आपला उजवा हात गोळ्यावर नेला. गोळ्यावर ठेवला नाही. तिचा तळवा आणि गोळा यांच्यामध्ये अंतर होतं, एका लहान मुठीएवढं, आणि त्या अंतरातून मला पलीकडची काच दिसत होती.

"हळू," ती म्हणाली. हे तिने बापाला म्हटलं नव्हतं.

दांडी तिच्याकडे आणि मागे आली. गिअर बसला. आवाजसुद्धा झाला नाही.

प्रेमानंदने गाडी वर नेली. शाळेपाशी मुली उतरल्या. डिंपल रडत होती. महामायाने तिचं दप्तर घेतलं आणि दोघी फाटकातून आत गेल्या. प्रेमानंद स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला मागच्या सीटवर बसवलं. वळणावर पुन्हा गिअर येईना. या वेळी आम्ही तयार होतो; मी चटकन उतरून चाकांमागे दगड लावले, मुलींना खाली उतरवून वळणापुढे नेऊन उभं केलं. प्रेमानंदने जमेल ते सगळं केलं. शेवटी महामाया परत आली, दोन सीटांच्या मधून आत वाकली आणि हात पुढे केला. प्रेमानंदने मान फिरवली. गाडी वळण चढून गेली.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. पाणी दिलं, ते तो प्यायला नाही.

"गुरुजी, तिच्याशिवाय गाडी चढत नाही," तो म्हणाला. "अन् तिचा हात तिथं ठेवून मी चढवणार नाही. बाप हावो मी."

मी त्याला मुलींच्या शाळेचं विचारलं. तो म्हणाला, की बाकीच्या मुलींसाठी जीव तुटतो, पण एवढं त्याच्याने होणार नाही. त्या वळणावर जे काय आहे, ते त्याला गाडीसकट सोडून द्यायचं होतं. त्याने व्हॅन गोठ्यामागच्या पत्र्याखाली उभी केली, चाकांना विटा लावल्या, वर ताडपत्री टाकली. मी मुलींच्या शाळेत जाऊन बोललो. प्रार्थना आणि पहिला अर्धा तास चुकला तरी चालेल, असं मुख्याध्यापिकांनी कबूल केलं. आईबाप कुरकुरले, पण मी रोज सोबत जाणार म्हटल्यावर तयार झाले. मुलींची शाळा सुटली नाही. प्रेमानंदच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. एसटीच्या थांब्यावर त्याने मला जय भीम केला, महामायाच्या डोक्याला मफलर गुंडाळला आणि तिला धम्मशीलाची जाड शाल दिली.

एसटीत डावीकडच्या बाकावर ती खिडकीशी बसली. मी तिच्या शेजारी बसायला गेलो, तर तिने दप्तर मध्ये ठेवलं, म्हणून मी कडेला टेकलो. डिंपल आणि बाकीच्या मागे होत्या. ड्रायव्हर आमच्यापासून कितीतरी पुढे होता. महामायाने पुस्तक उघडलं. मला बरं वाटलं. राजूर गेलं, घाट लागला, आणि मी तिला भूगोलातला एक धडा समजावून सांगू लागलो. पठार म्हणजे काय, आपण आत्ता कशावर चढतो आहोत.

सागाची झाडं जवळ आली. ढासळलेला कठडा दिसला.

पुढे ड्रायव्हरने क्लच दाबला. खर्र असा आवाज आला. पुन्हा आला. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. बसचा जोर कमी होऊ लागला.

महामायाने पानावरून नजर उचलली नाही. तिचे गुडघे खिडकीच्या बाजूला वळले. तिने दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि उजवा हात आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेवर धरला, बोटं थोडी उचलून. मग तो हळूच स्वतःकडे आणि मागे घेतला.

पुढे गिअर पडला. बस वळण चढून गेली.

 मी मधल्या रेक्झिनवर हात ठेवला. खिडकीच्या फटीतून वारा येत होता, बाकाची लोखंडी कड बर्फासारखी होती. रेक्झिन कोमट होतं.

मी हात काढून घेतला. महामायाने माझ्याकडे पाहिलं. मग ती खिडकीकडे आणखी सरकली, अंगावरची शाल सोडली आणि तिचं एक टोक त्या रिकाम्या जागेवर नीट पांघरलं.