पाठीला पाठ

अंथरायला

उघड्यावर निजणाऱ्याला आधी जमीन गारठवते, वारा नंतर. म्हणून दोघा भावांनी दिवस कलतानाच द्राक्षाच्या मांडवाकडेला, बांधाच्या आडोशाला, माणूसभर लांबीचा जाळ केला. छाटणीच्या वाळक्या काड्या, बाभळीचं एक ओंडकं, थोड्या गोवऱ्या. जाळ बसला तसे योगेशने फावड्याने निखारे बाजूला ओढले, राख झाडली आणि वर कोरडी माती पसरली. मातीवर उसाचं पाचट, पाचटावर ताडपत्री, ताडपत्रीवर घोंगडी. वडील असंच करायचे. थंडीत बागेत निजायची वेळ आली की दोन्ही पोरांना अशाच शेकलेल्या जागेवर आडवं करायचे.

रविराज आता एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. घर नाशिक रोडला. मळा दिंडोरीच्या अलीकडे, कादवा नदीच्या अंगाला. तो धाकटा योगेश बघायचा. मळा आईच्या नावावर होता आणि आई, सिंधुबाई, रविराजकडे राहायची. "माझ्यामागं अर्धा-अर्धा," ती म्हणायची. रविराजने आपल्या अर्ध्यातली जागाही ठरवून ठेवली होती. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन खोल्या. नोकरी संपली की इथंच. बायकोला, वेदिकाला, त्याने ती जागा पावलांनी मोजून दाखवली होती आणि ती हसली होती.

त्या आठवड्यात थंडीची लाट आली. निफाडचा पारा रोज पेपरात छापून येत होता. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरलेलं असताना असा कडाका पडला की मणी तडकतो, म्हणून तालुकाभर बागांमधून शेकोट्या पेटत होत्या आणि मजूर मिळत नव्हते.

"दादा, एक रात ये," योगेशचा फोन आला. "एकट्याला पेटत्या ठेवणं जमत नाय."

वेदिका सटाण्याला माहेरी होती. रविराजने पाळी बदलून घेतली, आईकडे लक्ष ठेवायला शेजाऱ्यांना सांगितलं आणि मोटरसायकलला किक मारली.

पांघरायला

योगेशची बायको आरोही भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन बांधावर आली. "भाऊजी, बॉयलरवाल्याला कसली आलीय थंडी! तुम्हालाच बागेत मधोमध उभं करू, शेकोटीची गरज नाय."

"उभं कर की. पण पगार लागेल."

"पगार हे देतील. मला तर देत नाहीत."

ती हसत घराकडे गेली. योगेश मात्र हसला नाही. तंबाखू मळत, खोकत बसला. त्याचा खोकला जुना होता. दोन कोरडे ठसके आणि मग घसा खाकरणं. अंधारात कुणीही ओळखावा असा.

बागेतल्या शेकोट्या पेटवून होईतो दव पडायला लागलं. मांडवाच्या तारांवर थेंब धरू लागले.

"दादा, चावी दे," योगेश म्हणाला. "गाडी आत पडवीत लावतो. इथं रातभर भिजंल."

रविराजने चावी दिली. बरं वाटलं त्याला. धाकट्याला आपल्या गाडीची काळजी आहे.

दोघांनी कोरडे मोजे चढवले, कानावरून मफलर बांधले. पांघरूण एकच होतं, आईच्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. तोंड बाहेर ठेवायचं, वडिलांचा नियम. आत श्वास सोडला की गोधडी आतून ओली होते आणि पहाटे अंगाला चिकटते. कुशीवर व्हायचं. एकाने शेकोटीकडे बघायचं, दुसऱ्याने बागेकडे.

"पाठ लाव, दादा."

पाठीला पाठ लागली. मधली हवा निघून गेली आणि ऊब जमायला लागली.

"लहानपणी तू माझी सगळी ऊब चोरायचास," रविराज म्हणाला.

"आता तू इंजिनेरासारखं सांगशील कायतरी."

"इंजिनेर कसला. पण बॉयलरवर एवढं शिकलो. ऊब फुकट तयार होत नाही. एकाची जाते तेव्हाच दुसऱ्याला मिळते."

 मग पाठीमागून आवाज आला, "मग माझी घे की. सगळी घे, दादा. तुला दिली."

रविराज हसला. त्याच्या डोळ्यांवर झापड आली होती.

पाठीला

रात्री एकदा जाग आली. पाठ होती.

रात्री एकदा जाग आली. शेकोटी बसलेली दिसली. लाकूड टाकायला हवं, असं मनात आलं. "योगेश, मी टाकू का?" पाठ जराशी दाबली गेली, जशी पूर्वी दाबली जायची. राहू दे, निज. पाठ होती.

रात्री एकदा जाग आली. गोधडीची कड उघडी पडून गुडघ्यांना गार झोंबत होतं. नाक बधिर झालं होतं. पाठीला मात्र ऊब होती, निजल्यावेळी होती त्याहून जास्त. मागचा श्वासही पाठीला जाणवत होता. रविराजने ऐकलं. तो श्वास सोडायचा तेव्हाच मागचाही सोडायचा. तो थांबला, तर मागचाही थांबला. पाठ होती.

खोकला नव्हता.

एवढंच त्याच्या मनात आलं; आज खोकत नाही बेटा, बरं झालं. आणि तो पुन्हा झोपला.

उठायला

उघड्यावर निजलेल्याला पहाट झोपू देत नाही. जमिनीतली ऊब तोवर संपलेली असते, दव मुरलेलं असतं, माणूस आपसूक उठून बसतो. रविराजला माहीत होतं हे. तरी त्याने डोळे उघडले तेव्हा ऊन मांडवावर चढलं होतं. इतकी गाढ झोप त्याला घरच्या गादीवरही कधी लागली नव्हती. उशाशी फोन वाजत होता. आईचे कॉल येऊन गेलेले दिसत होते, एकामागोमाग एक. आता मात्र नाव होतं योगेशचं.

पाठीला पाठ तशीच होती.

रविराज हसला. फोन कानाला लावून म्हणाला, "अरे, मागं निजून फोन कसला करतोस?"

पलीकडे माणसांचा गलका होता. कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं.

"दादा," फोनमधला योगेश म्हणाला. "मी दिंडोरीत हाय. आई बी हाय. बक्षीसपत्र झालं. मळा माझ्या नावावर झाला. रागावू नको, तुला काय कमी हाय? नोकरी हाय, घर हाय."

रविराज हलला नाही.

"तू कधी गेलास?"

"तू घोरायला लागलास तवाच. तुझी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली. रात्री नाशिक रोडला, तुझ्या घरी आईपाशीच निजलो."

"रात्रभर?"

"हा. का?"

पाठीमागे कुणीतरी हळूच श्वास सोडला.

रविराजने फोन खाली ठेवला. मग तो वळला.

गोधडी एका कुशीवर निजलेल्या माणसावर असावी तशी उंच होती. त्याच्या देखत ती हळूहळू खाली बसली.

बांधाच्या सावलीत दव अजून वाळलं नव्हतं. गोधडीची त्याची बाजू पिळून काढावी इतकी ओली होती. पलीकडची कोरडी होती. त्याने त्या रिकाम्या बाजूला घोंगडीवर तळहात टेकवला. उभा जन्म तापमान बघण्यात गेलेला हात. खालची जमीन रात्रीच थंड झालेली असणार. इथं मात्र माणसाच्या अंगाइतकी ऊब होती.

वर उन्हात

वाटेवरच्या एका पिकअपने त्याला दिंडोरीत सोडलं. नोंदणी कचेरीबाहेरच्या बाकावर सिंधुबाई शाल पांघरून बसली होती. तिच्या हातात चहाचा कप होता.

"रवी, किती फोन केले रे तुला. उचलत का नाही?"

"झोप लागली."

"सही करताना हात अडकला बघ माझा. म्हटलं, एकदा तुला विचारावं. पण हा म्हणाला, दादाचंच म्हणणं हाय, सगळं योगेशला देऊन टाक, मला शेतीतलं काय कळतं? अन् तुझी गाडी घेऊन आला होता की. गाडी तू कुणाला देत नाहीस. मग मला खरं वाटलं." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तूच पाठवलंस ना त्याला?"

ही तिची पाठीला पाठ लावून आलेली पोरं. चारचौघांत ती असंच सांगायची, मान उंच करून. रविराजने तिच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती.

"हो," तो म्हणाला. "मीच पाठवलं."

योगेश कचेरीच्या अंगणात भर उन्हात उभा होता. अंगात दोन स्वेटर. तो कुडकुडत होता.

मोटरसायकलची चावी त्याने लांबूनच पुढे केली. रविराजने ती घेतली तेव्हा बोटांना बोटं लागली. योगेशची बोटं बर्फाच्या लादीसारखी होती.

पाठीला

वेदिका माहेरून आली. विहिरीवरच्या दोन खोल्यांचा विषय तिने एकदाच काढला आणि मग कधीच काढला नाही. काही दिवसांनी एका रात्री ती म्हणाली, "अहो, तुमची पाठ तापलीय. ताप आहे का?"

थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

"नुसती पाठच कशी हो तापते?"

"बॉयलरवर असतो ना दिवसभर."

तिने अंथरूण जरा पलीकडे ओढून घेतलं. मधे एका माणसाची जागा राहिली. तिने ती का ठेवली, तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात रविराज गच्चीवर निजायला लागला. खाली एक गोणपाट. पांघरायला काही नाही. गल्लीतले लोक बिड्या ओढत शेकोटीभोवती बसायचे आणि वर बघून म्हणायचे, काय माणूस आहे! तो कुशीवर व्हायचा आणि वाट बघायचा. फार वेळ बघावी लागत नसे.

फोन

— दादा.

— बोल.

— तू जागा हाय का?

— हं.

— दादा, माझी पाठ गार पडते. लय गार. शेकोटीपाशी बसतो, पुढून भाजतो, मागून गारठतो. चार-चार गोधड्या घेतो. आरोही पाठीशी निजली तर म्हणते, हात लावला की चटका बसतो, गारठ्याचा.

— डॉक्टरला दाखव.

— दाखवलं. काय नाय म्हणतात. दादा... त्या रातीनंतर सुरू झालं हे.

— कोणत्या?

— तुला म्हायती हाय कोणत्या.

— खोकला बरा आहे का?

— खोकला? गेला. त्या रातीपासनं खोकलोच नाय. का?

रविराजने फोन बंद केला. त्याच्या पाठीमागे, गच्चीच्या काळोखात, कुणीतरी दोनदा कोरडं ठसकलं आणि घसा खाकरला.

मागे

थंडीची लाट पुन्हा आली. पेपरात निफाडचा पारा पुन्हा आला. संध्याकाळी आरोहीचा फोन आला. ती आधी नुसतीच रडली.

"भाऊजी, हे बागेत शेकोटीला पाठ लावून निजले होते. जवळ, अगदी जवळ. मी चहा घेऊन गेले तर वास आला. शर्ट जळाला होता. पाठ सगळी भाजलीय. अन् यांना कळलंच नाय! म्हणाले, 'आरोही, आज जरा बरं वाटतंय.'"

"दवाखान्यात नेलं?"

"नेलं होतं, आणलं घरी. पांढरं मलम दिलंय, लावते सकाळ-संध्याकाळ. पण राहत नाय हो अंगावर. आत्ता लावावं, घटकेनं बघावं तर पाठ कोरडी. पुसल्यासारखी." ती थांबली. "ते एकच घोकत बसलेत. दादाला बोलवा. एक रात फक्त पाठीला पाठ लावून निजू दे. मळा माघारी घे म्हणतात, सगळा घे. याल का?"

पलीकडच्या खोलीत सिंधुबाई वाती वळत बसली होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

मळा. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन खोल्या. एक रात्र. दिंडोरी काही लांब नव्हती.

"बघतो," रविराज म्हणाला.

"कधी?"

"कळवतो."

त्याने फोन ठेवला. भाकरी खाल्ली. आईच्या अंगावर गोधडी घातली, तीच, जुन्या लुगड्यांची, त्याने मळ्यातून उचलून आणलेली. मग जिना चढून गच्चीवर गेला. दव पडायला लागलं होतं. कठड्यावर बोट फिरवलं तर ओलं लागत होतं. त्याने गोणपाट पसरलं, कुशीवर झाला आणि डोळे मिटले.

पाठ आली.

आज ती थरथरत होती.

"सरक जरा," रविराज म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसंच.

ती कुरकुरत जराशी सरकली. मग पुन्हा चिकटली. रविराजला ऊब इतकी मिळाली की त्याला लगेच झोप लागली.

सकाळी वेदिकाने धुण्याचे कपडे गोळा केले. बनियन हातात घेऊन ती दारात उभी राहिली.

"अहो, याला मागून काय लागलंय हे? पांढरं, चिकट. दवाखान्यासारखा वास येतोय."

"टाक धुवायला," रविराज म्हणाला.