राईकस्तुराची चुकलेली तान

सन २०३८. खैरदऱ्याच्या रानवाटेवर, जांभळीच्या गर्द फांद्यांतून गाणाऱ्या पक्ष्याच्या दिशेने डॉ. शाहीन मुजावरने हातातला स्वरवंशमापक रोखला. क्षणभरात पडद्यावर अक्षरे उमटली : 'राईकस्तूर नव्हे.'

"झालं! आठ किलोमीटर तंगडतोड केली बाई, आणि निघाला कुणी नकलाकार." शाहीन मटकन दगडावर बसली.

डॉ. कुमुद गवंडे, तिच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुरू, जांभळीकडे कान लावून उभ्या होत्या. रानात जगलेला एक तरी राईकस्तूर सापडला, तरच संवर्धनघरातले अठरा पक्षी मोकळे करायचे. नाहीतर ते जन्मभर जाळीत, असे समितीने ठरवले होते. बारा वर्षांपूर्वी कुमुदबाईंनी स्वतःच्या हातांनी सोडलेले नऊ पक्षी पुन्हा कुणालाच दिसले नव्हते. आपण त्यांना मरायलाच सोडले, ही सल त्या कुणापाशी बोलत नसत.

पक्षी पुन्हा गायला. चार संथ, भरदार सूर. मग शेवटची तान एकदम बारीक आणि घाईघाईची.

कुमुदबाई खुदकन हसल्या. "अगं, हा माझी चूक गातोय!"

"कसली चूक?"

"चौऱ्याऐंशी साली इथंच टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते. सकाळभर डास फोडून काढत होते, पण हलायची सोय नव्हती. अखेर गडी गायला लागला आणि नेमके सेल उतरले. शेवटाला टेप मंद फिरली. मग नव्या सेलांवर वाजवली की तेवढा तुकडा चढा आणि भरभर."

"ठाऊक आहे मला. नऊ वर्षांपूर्वी मीच तो संगणकावर दुरुस्त केला."

"होय बाई, फार हुशार तू. आता सांग, राईकस्तूर गाणं कुठून शिकतो?"

"बापाचं ऐकून. परीक्षा घेताय का? बाप नसेल तर आपण वाजवू ते. शिकताना जराजरा बदलतं, त्या बदलांवरूनच मापक पिढ्या मोजतो."

"संवर्धनघरात आज काय वाजतं?"

"मी दुरुस्त केलेलं."

"मग हा तिथून पळालेला असता तर?"

"दुरुस्तच गायला असता..." शाहीन थबकली. तिने मापकाकडे पाहिले आणि जीभ चावली. "बाई, यात नमुना म्हणूनही माझंच गाणं भरलंय."

"म्हणून तर यानं अस्सल पक्ष्याला नापास केलं."

शाहीनने घाईने केंद्राच्या संग्रहातून मूळ टेपचा ध्वनी मागवला आणि मापकात भरला. या खेपेस उत्तर आले : 'राईकस्तूर. नमुन्यापासून चौथी पिढी.'

कुमुदबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. ती चुकलेली टेप ऐकून वाढलेल्या नऊ जणांपैकी कुणीतरी तगले होते. त्यांनी घरटी केली, पिल्लांपुढे गाणी म्हटली. त्या पिल्लांनी आणि त्यांच्याही पिल्लांनी तेच केले.

"समितीला आत्ताच कळवते!" शाहीनने फोन काढला, पण नंबर लावता लावता तिचा चेहरा उतरला. "बाई, आपले नर सोडले तरी इथल्या माद्या त्यांना ओळखणार नाहीत. माझं गाणं बिनचूक आहे ना!"

"दर वर्षी विणीच्या आधी नर गाणं नव्यानं घोटतो. महिनाभर माझी टेप लाव, येईल त्यांना."

"म्हणजे नऊ वर्षांची माझी मेहनत..."

"फार छान होती हो. रात्ररात्र जागलीस, मी पाहिलंय. फक्त त्या बिचाऱ्यांना बायको मिळाली नसती."

शाहीनला हसू आवरेना. "पण अहवालात काय लिहू? या जातीचं बरोबर गाणं कोणतं?"

पलीकडच्या उतारावरून मादीने बारीक शीळ घातली. जांभळीतला पक्षी फांदीवरून उठला आणि तिकडे झेपावला.

"तिला विचार," कुमुदबाई म्हणाल्या.